चाकोरीबाहेर फिरणाऱ्यांनो, आधी आमची चाकोरी बघा



आज पिकावर नाही, रस्त्यावर लिहितोय. पण शेतमाल रस्त्यानेच बाहेर निघतो आणि रस्त्याचं पाणी शेतातच उतरतं, म्हणून हा विषय या पानावरचाच आहे. जरा मोठं झालंय, सवडीनं वाचा.

पाऊस पडायला लागला की मोबाईलवर एकाच साच्याचे व्हिडिओ सुरू होतात. जव्हार-मोखाड्याकडचा लाल मातीचा कच्चा घाटरस्ता, दोन्ही बाजूंनी हिरवागार डोंगर, वरून धुकं उतरतंय, आणि मधून एक दांडगी गाडी चिखल उडवत चढतेय. मागे गाणं, आणि वर लिहिलेलं असतं की हा चाकोरीबाहेरचा प्रवास. तो व्हिडिओ बघून पुढच्या रविवारी बोईसर, विरार, ठाणे, वापीकडून आणखी गाड्या येतात.

चाकोरी म्हणजे काय ते या पोरांना कुणी सांगितलंय का? गाडीचं चाक एकाच जागेवरून जाऊन जाऊन जमिनीत जी खाच पडते ती चाकोरी. बैलगाडीच्या काळापासूनचा शब्द आहे. तुम्ही म्हणता चाकोरीबाहेर चाललो, आणि आमच्या रस्त्याची चाकोरी चार बोटं होती ती वीतभर करून जाता.

माझं म्हणणं सरळ आहे. जून ते सप्टेंबर हे चार महिने पाड्यांच्या कच्च्या घाटरस्त्यांवर हौसेच्या गाड्या नकोत. गाडी डांबरावर ठेवा, पुढं पायी चाला, नाहीतर गावातल्या जीपनं जा. आणि सरकारनं या रस्त्यांना आधी पाण्याची वाट करून द्यावी, डांबराचं मग बघू. या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत, म्हणून दोन्हीवर लिहितो.

हा रस्ता कुणासाठी आहे

आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यापासून वेगळा झाला. आठ तालुके. समुद्राच्या बाजूला तारापूर, जिथं १९६९ मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. त्याच्या शेजारी बोईसरची एमआयडीसी. तिथून चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड करत दोन-अडीच तासांत माणूस जव्हारला पोचतो. म्हणजे अणूपासून वीज करणारं ठिकाण आणि पेशंटला झोळीतून न्यावं लागतं ते ठिकाण एकाच जिल्ह्यात, सकाळी निघून जेवायच्या आत पोचण्याइतक्या अंतरावर.

झोळीचं मी मीठमसाला लावून सांगत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या मर्कटवाडीची बातमी देशभरच्या पेपरात आली होती. घरी वेळेआधी जुळी बाळं जन्मली. गाडी येईल असा रस्ता नव्हता. बाळंतिणीला झोळीत घालून माणसांनी घसरड्या वाटेनं सुमारे तीन किलोमीटर नेलं. ती वाचली, बाळं गेली. त्या वाटेचा फोटो कुणी गाणं लावून टाकला असता तर तोही सुंदरच दिसला असता. पाऊस, धुकं, हिरवळ, सगळं होतं.

ज्या पाड्याला निदान कच्चा रस्ता आहे तो स्वतःला नशीबवान समजतो. हा कच्चा रस्ता तुमच्यासाठी थरार असेल. पाड्यासाठी तो रेशन, खताची गोणी, शाळेचे मास्तर, गरोदर बाई आणि बाजार आहे. फेब्रुवारीपासून मोगऱ्याचा हंगाम असतो. विक्रमगड-जव्हारच्या बऱ्याच आदिवासी घरांना मोगऱ्यानं हातात रोख पैसा दिला. कळी पहाटे खुडायची आणि ती मिटलेली असतानाच दादरच्या फुलबाजारात पोचवायची. वाटेत उशीर झाला, कळी उमलली, की भाव पडला. खरिपात काकडी, कारली, शिराळी. दिवाळीच्या आगेमागे नागली, वरई, भात. प्रत्येक माल याच रस्त्यानं उतरतो. जुलैमध्ये मोडलेला रस्ता जुलैपुरता मोडत नाही. ऑक्टोबरात भाताची पोती भरून पिकअप निघते तेव्हा त्याच खड्ड्यात तिचा पाटा तुटतो. तोवर जुलैची पाहुणी गाडी शहरात धुऊन पुसून पार्किंगला उभी असते.

रस्ता पावसानं मोडत नाही

आपल्याकडं सगळे म्हणतात, पावसानं रस्ता गेला. शेतकऱ्यानं तरी असं म्हणू नये. पाऊस शेतावरही पडतो, पण ज्याच्या शेताला बांध आहे, पाणी काढायला चर आहे, त्याची माती जागेवर राहते. ज्यानं उताराच्या दिशेनं नांगर मारला त्याची माती नदीला जाते. रस्त्याचंही तेच आहे. वाट न दिलेलं पाणी रस्ता मोडतं. आणि उताराच्या दिशेनं नांगर मारायचं काम गाडीची चाकं करतात.

जरा हिशोब करू. १०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद रस्त्याचा तुकडा घ्या. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो जव्हारकडं जुलैमध्ये काही विशेष नाही. नुसत्या त्या तुकड्यावर ३० हजार लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे तीन टँकर. डोंगरावरून येणारं पाणी यात धरलेलंच नाही. रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरता असेल, तर हे पाणी जिथं पडलं तिथूनच दोन पावलांत कडेला जातं. पातळ पसरलेल्या पाण्यात माती उचलायचा जोर नसतो.

आता त्याच रस्त्यावर ओल्या मातीत एक जड गाडी चढवा. माती मऊ, चाक रुततं. ड्रायव्हर जास्त रेस देतो, चाक जागेवर फिरतं आणि माती उकरून मागे फेकतं. दोन खाचा पडल्या. पुढचं पाणी कडेला जात नाही, त्या खाचेत उतरतं आणि उतारानं सरळ खाली धावतं. शंभर मीटर धावलं की त्याला वेग येतो. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात एक जुना हिशोब आहे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते तळातून ढकलू शकेल अशा मोठ्यात मोठ्या दगडाचं वजन ६४ पट होतं. खाचेतलं पाणी आधी माती नेतं, मग मुरूम, मग सोलिंगचे दगड उघडे पाडून तेही लोळवत नेतं. दुसऱ्या सकाळी लोक म्हणतात, रात्री पाऊस फार झाला.

किती माल जातो तेही बघा. एक फूट रुंद आणि अर्धा फूट खोल अशा दोन चाकोऱ्या शंभर मीटर लांबीत वाहून गेल्या, तर तीन ब्रासच्या वर मुरूम गेला. तीन ट्रॅक्टर ट्रॉल्या. शंभर मीटरला! पाड्याचा रस्ता दोन किलोमीटरचा असतो, आणि बाजारात एक ब्रास मुरूम वाहतुकीसह केवढ्याला पडतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

इथं फोर बाय फोरवाले मला सांगतात, "काका, आमची गाडी कुठंही अडकत नाही, तुम्ही काळजी करू नका." अहो, तीच तर काळजी आहे. साधी गाडी पहिल्या वळणाला अडकते आणि मागं फिरते. तुमची अडकत नाही, म्हणून ती सगळा घाट उकरत वरपर्यंत जाते. वर जाऊन समाधान झालं नाही तर खाली येऊन पुन्हा चढते, कारण पहिला व्हिडिओ नीट आला नाही.

मुरूम जातो कुठं?

शेतीवाल्यांनी आणि कृषी अधिकाऱ्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा, कारण यावर कुणी बोलत नाही.

वाहून गेलेला मुरूम हवेत जात नाही, खालच्या खाचरात जातो. आमच्या ओळखीत एका काकांचं भाताचं खाचर रस्त्याच्या वळणाखाली आहे. वर्षानुवर्षं काही त्रास नव्हता, कारण पाणी वळणाच्या आधीच गवताळ माळावर पसरत होतं. रविवारच्या गाड्या वाढल्या, चाकोरी खोल झाली, आणि पाण्यानं माळ सोडून वळणावरून थेट खाचरात उडी घेतली. आवणी होऊन आठ दिवस झाले होते. रोपांवर मुरूम-गोट्यांचा थर बसला. पुन्हा लावायला राबात रोपं उरलेली नव्हती. एवढ्या तुकड्याच्या नुकसानीचा पंचनामा करायला कोण येतो? आणि पंचनाम्यात कारण काय लिहिणार, धबधबा बघायला आलेले पाहुणे?

मुरूम एकदा खाचरात बसला की तो एका हंगामाचा प्रश्न राहत नाही. खाचराची चिखलणी नीट होत नाही, पाणी धरत नाही, वरचा सुपीक थर खाली दबतो. डोंगरातल्या खाचराची माती दोन-तीन पिढ्यांनी बांध घालून घालून साठवलेली असते. मृदसंधारणावर एवढी भाषणं होतात. समपातळी चर, दगडी बांध, सगळं बरोबर आहे, करायलाच पाहिजे. पण त्याच डोंगरावरून उभा उतरणारा कच्चा रस्ता हा सगळ्यात मोठा ओहोळ झालाय, तो कुठल्या आराखड्यात दिसतो? पाणलोटाचा नकाशा करताना रस्ता ही एक रेघ म्हणून काढतात. पावसाळ्यात त्या रेघेचा नाला होतो, हे साहेबांनी जुलैमध्ये येऊन बघावं. गाडी खाली ठेवून.

लोक काय म्हणतात, आणि माझं उत्तर

पहिला मुद्दा: रस्ता सरकारी आहे, कुणाच्या बापाचा नाही. मान्य. पण सरकारी रस्त्यावर बंधन घालता येतं, कायदाच तसा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. लोकांच्या सुरक्षेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे एखाद्या रस्त्यावर गाड्यांना मर्यादा किंवा बंदी घालता येते. आणि हे महाराष्ट्राला नवीन थोडंच आहे? माथेरानला जाता तेव्हा गाडी दस्तुरीला ठेवता ना? तिथं कुणी म्हणत नाही की रस्ता माझ्या टॅक्सचा आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं, फी असते, आणि आजूबाजूच्या गावांची माणसं व्यवस्था बघतात. तिथं शहाण्यासारखं रांगेत उभं राहता. फुलांसाठी जी शिस्त पाळता ती आमच्या भातासाठी पाळायला काय हरकत आहे?

दुसरा मुद्दा: पर्यटनानं गावाला रोजगार मिळतो. मिळतो, मी पर्यटनाच्या विरोधात नाही. दाभोसा बघायला या, सूर्यमाळला या, जव्हारचा राजवाडा बघा. शिवाजी महाराज १६६४ मध्ये सुरतेकडं जाताना जिथं थांबले असं सांगतात तो शिरपामाळ बघा. पण हिशोब नीट करा. जो माणूस स्वतःच्या गाडीत शहरातून पाण्याच्या बाटल्या, वेफर, बिर्याणी घेऊन येतो, चढ चढतो, व्हिडिओ काढतो आणि रिकामी पाकिटं टाकून जातो, त्यानं गावाला काय दिलं? खोल चाकोरी. तोच माणूस डांबरावर उतरला, पाड्यातल्या पोराच्या जीपमधून वर गेला, कुणाच्या पडवीत नागलीची भाकरी आणि रानभाजी जेवला, तर चार घरांत पैसे राहतात. आणि त्या जीपच्या ड्रायव्हरला माहीत असतं की मोठी सर येऊन गेल्यावर दोन-चार तास त्या चढाला हात लावायचा नाही. रस्ता त्याचा आहे, उद्या त्यालाच त्यावरून जायचंय.

तिसरा मुद्दा शहरातल्या निसर्गप्रेमींचा: हे रस्ते कच्चेच राहू द्या, डांबर झालं की मजा जाते. या लोकांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. तुमची मजा राहावी म्हणून गरोदर बाईनं झोळीत बसायचं का? आणि हा रस्ता निसर्गानं केलेला नाही. पाड्यातल्या माणसांनी कुदळ-फावड्यानं केलेला आहे आणि दर दिवाळीला दगड-माती टाकून तेच तो जिवंत ठेवतात. तुम्हाला जो "अस्पर्श निसर्ग" वाटतो त्यात लोकांच्या श्रमदानाचा घाम आहे.

चौथा मुद्दा आपल्याच पुढाऱ्यांचा: एकदा डांबर करून टाकू, विषय संपला. विषय संपत नाही. बाजूची गटार नाही, मोरी नाही, पाणी बाहेर काढायची सोय नाही, अशा रस्त्यावर डांबर टाकलं तर पाणी डांबराच्या खाली शिरतं. खालचा थर भिजून मऊ होतो, वरून पापड राहतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात पापड मोडतो. मग तो ना कच्चा राहतो ना पक्का, दोन्हीपेक्षा वाईट होतो. कच्चा रस्ता निदान गावकरी फावड्यानं सारखा करतात, मोडलेल्या डांबराला फावडं लागत नाही.

आपल्या लोकांनाही दोन शब्द

सगळा दोष पाहुण्यांवर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. कडू लागेल, पण लिहितो.

मे महिन्याच्या शेवटी रस्त्यावर मुरमाचे ढीग ओतायचे, ट्रॅक्टरनं जरा पसरायचे, ना पाणी मारायचं ना रोलर फिरवायचा, फोटो काढायचा आणि बिल काढायचं. हे गावोगाव चालतं. पहिल्या सरीत तो मुरूम खाली जातो. न दाबलेला मुरूम म्हणजे वाहून जायला तयार ठेवलेली माती.

चिखलणी झाल्यावर केज व्हील न काढता ट्रॅक्टर रस्त्यानं घरी नेणारे आपलेच भाऊ आहेत. लोखंडी पट्ट्यांनी ओला रस्ता कसा कापला जातो ते मागं वळून बघा. आणि रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूची गटार बुजवून आपला बांध दोन फूट पुढं सरकवणारेही आपल्यातलेच. दोन फूट जमीन मिळाली, पण गटारीचं पाणी रस्त्यावर आलं आणि रस्त्याचं पाणी खालच्या भावाच्या खाचरात गेलं.

मग करायचं काय

कच्चा रस्ता टिकवायची विद्या अवघड नाही. शेतात पाणी वळवणाऱ्याला ती येतेच.

१) रस्ता मधोमध उंच ठेवायचा. तीन मीटरच्या रस्त्याला मध्यभाग कडांपेक्षा सहा-सात सेंटिमीटर उंच पुरतो. पावसाळ्याआधी हे झालंच पाहिजे, आणि दाबून झालं पाहिजे.

२) डोंगराच्या बाजूला गटार, आणि ठरावीक अंतरावर त्या गटारीचं पाणी रस्त्याखालून पलीकडं न्यायला सिमेंटचे पाईप. पाईपाचं तोंड खडकावर किंवा गवताळ माळावर उघडायचं, कुणाच्या शेतावर नाही.

३) उभ्या चढावर रस्त्याला तिरके आडवे उंचवटे, म्हणजे दांड घालायचे. चाकोरीत धावणारं पाणी त्यांनी कडेला फेकलं जातं. दहाला एक असा चढ असेल तर साधारण वीस-पंचवीस मीटरवर एक. चढ जितका उभा तितके ते जवळ. माती-दगडाचा, गाडी हळू ओलांडेल इतकाच उंच.

४) सगळ्यात उभी जी दोन-तीन वळणं असतात, तेवढ्याच ठिकाणी चाकांखाली काँक्रीटचे दोन पट्टे टाकायचे. हे काही स्वप्न नाही. आजच्या झिंबाब्वेमध्ये १९३० च्या दशकात पैसा कमी होता, तेव्हा पूर्ण रस्ता न करता फक्त चाकांखाली डांबराचे दोन पट्टे टाकून लांबच्या लांब रस्ते केले. म्हणजे चाकोरीच पक्की केली. दोन किलोमीटरच्या पाड्याच्या रस्त्यात जिथं गाडी खरी अडते ते तुकडे थोडेच असतात. आधी तेवढे केले तरी पावसाळ्यात अॅम्ब्युलन्स चढेल.

आता कुणी म्हणेल, रस्ता जंगलातून जातो, परवानगी मिळत नाही. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी आणि रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे किल्ली ग्रामसभेच्या हातात आहे.

कुणी म्हणेल, पाडा लहान आहे, योजनेत बसत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा डोंगरी आणि आदिवासी भागासाठी २५० लोकसंख्येची अट होती. चाळीस घरांचा पाडा त्याच्या आत राहतो, आणि त्यामुळं मागं राहिला. पण शेत-पाणंद रस्त्यांची राज्याची मातोश्री योजना २०२१ मध्ये आली. त्यात आपला रस्ता बसवता येतो का, हे ग्रामसेवकाला आणि तहसील कचेरीत लेखी विचारा. तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं.

ज्यांना त्या रस्त्यानं जावंच लागतं त्यांच्यासाठी

दूधवाले, भाजीवाले, पिकअपवाले, मास्तर, आरोग्याच्या ताई, यांना जून असो की जुलै, जावंच लागतं. त्यांच्यासाठी थोडक्यात.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नुसता रिवाज नाही, वाहतुकीचा नियम आहे. चढावर थांबलेली भरलेली पिकअप पुन्हा उचलताना चाक फिरतं आणि खड्डा पडतो. माझ्यासमोर अशा चढावर रविवारची रांग आली की कुणी मागं घ्यायला तयार नसतं. पाच गाड्या रिकाम्या, माझी मालानं भरलेली, आणि तरी मीच मागं घ्यावं अशी अपेक्षा.

उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल-डिझेल वाचत नाही, जीव जातो. सतत ब्रेक दाबून ठेवले की ते तापतात आणि शेवटच्या वळणाला लागत नाहीत.

चाक फिरायला लागलं की रेस वाढवू नका. उतरा, चाकाखाली दगड-फांद्या टाका, मग हळू काढा. रस्ता सुकलेला आणि रुंद असेल तिथं रोज त्याच चाकोरीतून न जाता थोडं सरकून चालवा, वजन पसरतं. फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबा. पाणी उतरतं, माणूस परत येत नाही.

आणि फावडं गाडीत ठेवा. दांड फुटलेला दिसला, गटार तुंबलेली दिसली, तर दहा मिनिटं द्या. त्या दहा मिनिटांनी पुढची एक ट्रॉली मुरूम वाचतो.

शेवटचं

अमेरिकेत व्हरमाँट म्हणून डोंगराळ राज्य आहे. तिथं बर्फ वितळून कच्चे रस्ते चिखल होतात. त्या दिवसांना तिथले लोक चिखलाचा हंगामच म्हणतात. तेवढे दिवस गावं जड गाड्यांवर बंदी लावतात, आणि डोंगरातल्या वाटांवर जाऊ नका असं लोकांना सांगतात. कुणाचा अपमान होत नाही. रस्ता ओला आहे, सुकेल तेव्हा या, एवढंच. आमचा चिखलाचा हंगाम चार महिन्यांचा आहे, आणि त्याच चार महिन्यांत आमचं भात उभं राहतं.

म्हणून पाड्यापाड्यातल्या बांधवांना सांगणं आहे. १ मे च्या ग्रामसभेला जा. नुसतं सही करून येऊ नका. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे पूर्ण पेसा क्षेत्रातले तालुके आहेत, आणि २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागता येते. ठरावात दोन गोष्टी लिहा. एक, जून ते सप्टेंबर आमच्या कच्च्या रस्त्यावर बाहेरच्या हौशी गाड्यांना बंदी. अॅम्ब्युलन्स, शेतमाल, शाळा आणि गावकरी सोडून. गाड्या कुठं उभ्या करायच्या ती जागाही त्याच ठरावात दाखवा, आणि पार्किंगची पावती गावाची असू द्या. दोन, पावसाळ्याआधी गटार, पाईप आणि दांड यांचं काम, डांबराच्या आधी. ठरावाची प्रत तहसीलदार, जिल्हा परिषद आणि पोलीस ठाण्याला द्या, आणि पोच घ्या. पोच नसलेला ठराव म्हणजे पेरलेलं पण न उगवलेलं बी.

आणि पाहुण्यांनो, या. नक्की या. पण पाऊस असेल तेव्हा गाडी डांबरावर ठेवून या. पायात चप्पल-बूट जे असेल ते घालून चढा. दोन किलोमीटरचा चढ आहे, आमची शाळेची पोरं रोज चढतात.

कुणाच्या पाड्यात असा ठराव झाला असेल तर त्याचा मजकूर मला पाठवा, मी इथं सगळ्यांसाठी टाकतो. ज्यांना पटत नाही त्यांनीही लिहा, फक्त लिहिण्याआधी एकदा जुलैमध्ये भरलेली पिकअप घेऊन तो चढ चढून बघा.

राम राम.